वीस मिनिटांचें अंतर

अंतर ही वस्तु मोठी लबाड आहे. ती मोजावयास गेलें कीं निमूटपणें फुटपट्टीखालीं पडून राहते, आणि चालावयास लागलें कीं पायांखालून लांबत जाते. आपल्या भाषेला हें फार पूर्वींच उमगलें असावें. म्हणून तिनें अंतराला कधीं एकच एक माप दिलें नाहीं. जवळचें तें हाकेच्या अंतरावर, त्याहून लांब तें कोसावर, आणि आणखी लांबचें असेल तर मजल दरमजल करीत गांठावयाचें. हाक माणसाच्या गळ्यावर अवलंबून, मजल त्याच्या पायांवर आणि बैलांच्या दमावर. कोस तरी कोठें सगळीकडे सारखा होता? पुढें मैल आला, मैलाच्या जागीं किलोमीटर आला, आणि रस्त्याच्या कडेचा दगड सांगेल तेंच खरें असें आपण मानूं लागलों. अलीकडे मात्र त्या दगडाचाही मान गेला आहे. हल्लीं कोणी 'किती लांब?' असें विचारलें तर उत्तर तासांत आणि मिनिटांत येतें. अंतराचें हें सर्वांत नवें माप. आणि सर्वांत लबाडही तेंच.

आमच्या बुलढाण्यांत चार मंडळी सकाळीं फिरावयास निघालीं कीं राजकारण व पाऊसपाणी आटोपल्यावर हटकून निघणारा विषय म्हणजे दळणवळण. आमच्या गांवाला लोहमार्ग नाहीं. जिल्ह्याचें ठाणें अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर, थंड हवेंत बसलेलें, आणि आगगाडी खालीं पूर्णेच्या सपाटीवरून जाणारी. तेव्हां गाडी धरावयाची तर घाट उतरून मलकापूर गांठावें लागतें. खामगांवाहून जालन्याला लोहमार्ग व्हावा ही मागणी आमच्या आजोबांच्या पिढीनें केली, वडिलांच्या पिढीनें केली, आणि आम्हींही ती परंपरा खंडित होऊं दिलेली नाहीं. ज्यांना आगगाडी मिळाली नाहीं त्यांना विमानाचीं स्वप्नें पडावींत हा मनुष्यस्वभावच आहे. अशाच एका सकाळीं आमच्या मंडळींतील एका गृहस्थांनीं प्रश्न टाकला, "अहो मास्तर, अकोल्याहून जळगांवला थेट विमान निघालें तर किती वेळ लागेल हो?" मी जन्मभर भूगोल शिकविला असल्यामुळें असल्या प्रश्नांचें उत्तर माझ्या खिशांत असलेंच पाहिजे अशी सर्वांची समजूत आहे. घरीं येऊन मीं नकाशा काढला.

अकोल्याचा विमानतळ शिवणी येथें आहे. तो दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं बांधला गेला. जळगांवचा विमानतळ कुसुंब्याकडे, अजिंठ्याच्या रस्त्याला. त्याच्या नव्या इमारतीचें उद्घाटन २०१२ च्या मार्चमध्यें तेव्हांच्या राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांनीं केलें. या दोन ठिकाणांमध्यें सरळ रेषा ओढली तर ती सुमारें दीडशें किलोमीटर भरते. वैमानिक सागरी मैलांत मोजतात, त्या मापानें एक्याऐंशी. पंख्याचें लहान प्रवासी विमान पूर्ण वेगांत आलें म्हणजे ताशीं सुमारें पांचशें किलोमीटर जातें. म्हणजे त्रैराशिकानें उत्तर आलें अठरा मिनिटें. वर चढण्या-उतरण्याची सूट देऊन म्हणावयाचें तर वीस-पंचवीस.

गंमत अशी कीं ही रेषा ओढतांना माझ्या पेन्सिलीच्या टोकाखालून एकामागून एक ओळखीचीं गांवें जाऊं लागलीं: शेगांव, नांदुरा, मलकापूर. मुंबईहून नागपूरला १८६७ सालीं पोंचलेल्या लोहमार्गाची वाट ती हीच. त्या इंग्रज अभियंत्यांनीं विमान पाहिलें नव्हतें. पण दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि उत्तरेस सातपुडा यांच्या मधली पूर्णेची सपाट काळी जमीन त्यांना अशी कांहीं हातीं लागली कीं त्यांनीं जवळजवळ पक्ष्याची रेषाच जमिनीवर आंखली. अकोला ते जळगांव हें अंतर आगगाडीनें सुमारें एकशें चौसष्ट किलोमीटर आहे. विमान फारतर चौदा किलोमीटर वांचवील. वऱ्हाडचा कापूस बंदरावर लवकर जावा एवढ्यासाठीं तो मार्ग झाला; त्याच कापसासाठीं जलंबाहून खामगांवला फांटा काढला गेला, आणि १८७० सालीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो उघडण्यास खामगांवला आले. कापसाच्या गांठीला जी घाई होती ती पुढें माणसांच्या उपयोगीं पडली.

आतां हिशेब पुरा करावा. वीस-पंचवीस मिनिटें हें विमान आकाशांत असण्याचें माप झालें. पण चाकें हलल्यापासून चाकें थांबेपर्यंत, म्हणजे धांवपट्टीच्या टोंकाशीं जाणें, वळणें, उतरल्यावर जागेवर येणें, हें सारें धरलें तर तीस-पस्तीस मिनिटें होतात. शिवाय इतक्या थोड्या पल्ल्यांत विमानाला आपला खरा वेग दाखविण्यास सवडच मिळत नाहीं. वर चढून स्थिर होतें न होतें तोंच उतरणीस लागावें. मग अकोल्यांतील घरापासून शिवणीपर्यंत अर्धा तास. तेथें तासभर आधीं हजर राहण्याची शिस्त. जळगांवीं उतरल्यावर सामान आणि गांवापर्यंतची वाट यांचा आणखी अर्धा तास. बेरीज अडीच तासांवर गेली. आणि चांगली जलद गाडी अकोल्याहून जळगांवला सवादोन-अडीच तासांत नेऊन पोंचविते, तीही गांवाच्या ऐन मध्यभागीं. म्हणजे ताशीं पांचशें किलोमीटर धांवणारें यंत्र आणि ताशीं सत्तर-ऐंशीनें जाणारी गाडी यांची शर्यत बरोबरींत सुटली. या दोन गांवांमध्यें विमान कां नाहीं, याचें उत्तर कोणा मंत्र्याला विचारण्याची गरज नाहीं. तें त्रैराशिकांतच आहे. दीडशें किलोमीटर हा विमानाचा घांसच नव्हे.

बुलढाणेकराची कथा तर याहून करुण. त्यानें हें विमान धरावयाचें ठरविलें तर त्यानें आधीं शंभर किलोमीटर पूर्वेस अकोल्याला जावें, तेथून उडून स्वतःच्याच जिल्ह्यावरून पश्चिमेस यावें, आणि जळगांवीं उतरून सवाशें किलोमीटर मोटारीनें परत घरीं यावें. द्राविडी प्राणायामाचें याहून शुद्ध उदाहरण मला तरी ठाऊक नाहीं. आकाशमार्गानें थेट आमच्या जिल्ह्यांत उतरलेला जगप्रसिद्ध पाहुणा म्हणजे लोणारची उल्का. हजारों वर्षांपूर्वीं ती आली, कोणतीही धांवपट्टी न मागतां आली, आणि बसाल्ट खडकांत पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचें विवर करून गेली. तिच्या वेळापत्रकाची मात्र कोणास चौकशी करतां आली नाहीं.

मंडळींना हा हिशेब ऐकविला तेव्हां ते हंसले, आणि विषय तेथेंच संपावयास हरकत नव्हती. पण नकाशावरील ती रेषा माझ्या मनांतून जाईना. कारण त्या रेषेच्या एका टोंकास माझी आई होती, आणि दुसऱ्या टोंकास माझी थोरली बहीण.

पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आई अकोल्यास जुन्या शहरांतील आमच्या घरीं धाकट्या भावाजवळ राहत असे. ताई जळगांवीं दिलेली. मार्गशीर्षांत आई अंथरुणाला खिळली. मी रजा काढून अकोल्यास गेलों. रोज संध्याकाळीं दिवा लावल्यावर आम्ही दोघे भाऊ तिला विचारीत असूं, "आई, ताईला कळवूं का?" आणि रोज तिचें एकच उत्तर, "नको रे बाबा. तिच्यामागें तिचा संसार आहे. जळगांव का जवळ आहे?" जी बाई दिंडीबरोबर पंढरपूरला पायीं जाऊन आली होती आणि 'पंढरपूर काय, हें पलीकडेच' असें बोलत असे, तिला आगगाडीनें अडीच तासांवरचें जळगांव लांब वाटत होतें. लेकीचें सासर हें आमच्या आईच्या पिढीला कोसांनीं मोजतां येण्यासारखें ठिकाणच नव्हतें. तेथें बोलावल्यावांचून जावयाचें नाहीं, गेलें तरी पाणी पिऊन निघावयाचें, आणि तेथल्या माणसाला आपल्या दुखण्यासाठीं हलवावयाचें तर मुळींच नाहीं. पंढरपूरच्या वाटेवर असा उंबरठा एकही नव्हता. म्हणून तें जवळ.

चौथ्या दिवशीं तिन्हीसांजेला ती आपण होऊनच म्हणाली, "तिला बोलावून घे." भावानें शेजारच्या घरून फोन केला. संध्याकाळची सोयीची गाडी तोंवर निघून गेली होती. घरच्यांचें जेवणखाण, धाकट्या मुलीची सोय, मग मध्यरात्रीनंतरची गाडी. ताई पहांटे पोंचेल असें ठरलें. रात्र आमच्यापुढें उभी राहिली.

आईला झोंप नव्हती. ती थोड्या थोड्या वेळानें विचारी, "कुठवर आली रे?" आणि मी घड्याळ पाहून सांगत असें. भूगोलाचा धडा मीं इतक्या लक्षपूर्वक कधींच घेतला नसेल. "आतां जळगांव सोडलें असेल." मग, "भुसावळ आलें. तेथें गाडी जरा थांबते." मग, "मलकापूर." मग, "नांदुरा गेलें, आई." प्रत्येक नांवाबरोबर तिचा चेहरा थोडा सैल होई. मीं "शेगांव" म्हटलें तेव्हां तिनें पांघरुणांतून दोन्ही हात बाहेर काढून जोडले. आतां लेक गजानन महाराजांच्या हद्दींतून येत होती. आतां काळजी नव्हती. पहांटे पांचाच्या सुमारास दारांत टांगा वाजला. ताई आंत आली, आईच्या उशाशीं बसली. आईनें तिच्या मनगटावर हात फिरविला, बांगड्या चांचपल्या, आणि म्हणाली, "दमलीस." त्यानंतर आई दोन दिवस होती.

मी नकाशावरच्या त्या रेषेकडे पाहतांना ही रात्र आठवतों, आणि प्रामाणिकपणें स्वतःस विचारतों: त्या रात्रीं वीस मिनिटांचें विमान असतें तर? भावुक मनुष्य येथें लगेच सांगेल कीं तीं गांवांचीं नांवें, तें हात जोडणें, ती हळूहळू जवळ येणारी गाडी, हें सारें विमानानें हिरावून घेतलें असतें. संथपणांतच गोडी आहे. मला हें म्हणवत नाहीं. आई दोन दिवस होती म्हणून मला तीं नांवें गोड वाटतात. ती पहांटे चारला गेली असती तर त्याच नांवांनीं मला जन्मभर डंख केला असता, आणि त्या रात्रींच्या प्रत्येक स्टेशनाचा मी शत्रु झालों असतों. ज्याचें माणूस वेळेवर पोंचलें त्यानें वेगाची थट्टा करूं नये. ती थट्टा करण्याचा हक्क त्याला दैवानें फुकट दिलेला असतो.

पण दुसरीही गोष्ट तितकीच खरी आहे. त्या रात्रीं विमान असतें तरी त्याचा उपयोग झाला नसता. रात्रीं विमान उतरवावयाचें तर धांवपट्टीला दिवे लागतात, तिच्यावर जागणारीं माणसें लागतात. आणि विमान कांहीं टांगा नव्हे, कीं हाक मारली आणि आलें. तें आठवड्यांतून दोनदां कीं चारदां, ठरल्या वेळींच जावयाचें. लहान गांवाच्या विमानाचा इतिहासच पाहावा. 'उडान' योजनेखालीं २०१७ च्या डिसेंबरांत जळगांवहून मुंबईस एकोणीस आसनांचें चिमुकलें विमान निघालें. गांवानें त्याचें कौतुक केलें, आणि तें बंद पडलें. २०१९ सालीं पुन्हां सेवा निघाली, तीही टिकली नाहीं. २०२४ सालीं गोवा, हैदराबाद, पुणें अशा वाटा नव्यानें उघडल्या. पलीकडे अमरावतीजवळ बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईचें विमान प्रथम उतरलें. शिवणीची धांवपट्टी मात्र अशा विमानांस पुरेशी लांब नाहीं, आणि ती वाढविण्याची चर्चा आमच्या खामगांव-जालना लोहमार्गाची आठवण करून देणारी आहे.

यावरून मला असें वाटूं लागलें आहे कीं दोन गांवांमधील अंतर वेगानें जितकें घटतें त्याहून अधिक तें फेऱ्यांनीं घटतें. दिवसांतून वीस वेळां जाणारी साधी गाडी दोन गांवांना शेजारी करते. आठवड्यांतून दोनदां जाणारें विमान त्यांना फक्त एकमेकांचे पाहुणे करतें. त्या रात्रीं ताईला अडविलें तें गाडीच्या संथपणानें नव्हे. गाडी अडीच तासांचीच होती. सारा वेळ गेला तो ती गाडी येण्याची वाट पाहण्यांत. आणि त्याआधींचे तीन दिवस गेले ते आईच्या संकोचांत, ज्याच्यावर विमान, आगगाडी, तार, टेलिफोन यांपैकीं कशाचाही इलाज चालत नाहीं. वीस मिनिटांचें आकाश, अडीच तासांचा लोहमार्ग, नऊ तासांची रात्र आणि तीन दिवसांचा संकोच: अकोला ते जळगांव हें एकच अंतर चार मापांनीं मोजलें तर असें चार प्रकारचें भरतें. भूगोलाच्या पुस्तकांत यांपैकीं एकच छापलेलें असतें.

विमानप्रवासाचें मोठें वर्णन आपल्याकडे कालिदासानें केलें आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम आणि सीता पुष्पकांतून अयोध्येस परततात. जी वाट चालावयास वनवासाचीं चौदा वर्षें लागलीं तीच आतां खालून सरसर मागें जाते आहे. पण कालिदासाला विमानाच्या वेगाचें फारसें कौतुक नाहीं. राम बोट दाखवून एकेक ठिकाण सीतेला सांगतो: येथें तुझें नूपुर मला सांपडलें, येथें पंपा, येथें गोदावरीचें कांठ. वरून दिसणारी पृथ्वी सुंदर आहे ती तिच्यावरून पायीं गेलेल्याला. आणि त्याच कवीचा मेघदूत घ्या. विदर्भांतल्या रामगिरीवर, म्हणजे म. म. मिराशींच्या मतें आपल्या रामटेकावर, बसलेला यक्ष मेघाला अलकेची वाट सांगतो. पत्नीला निरोप पोंचविण्याची एवढी घाई असूनही, वाट वांकडी झाली तरी चालेल पण उज्जयिनी पाहिल्यावांचून जाऊं नकोस, असें बजावतो. एका काव्यांत चौदा वर्षांचें अंतर एका दिवसांत आलें आहे, दुसऱ्यांत तातडीचा निरोप वाट वांकडी करून चालला आहे. दोन्हींतही कवीला चिंता आहे ती पलीकडे वाट पाहणाऱ्या माणसाची. एकीकडे भरताची, दुसरीकडे यक्षपत्नीची.

शेगांवहून दर वर्षीं गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. महिन्याभराहून अधिक दिवस वारकरी पायीं चालतात. त्यांना कोणी विमानाचें तिकीट दिलें तर ते घेणार नाहींत. कारण त्यांना पंढरपूर जितकें हवें आहे तितकीच वाटही हवी आहे. उलट कोणाच्या छातींत रात्रीं कळ येते आणि घाट उतरून मोठ्या रुग्णालयापर्यंत जावयाचें असतें, त्याला वाट नको आहे, फक्त टोंक हवें आहे. एकाच रस्त्यावरून हे दोघे जात असतात. वेग चांगला कीं वाईट हा प्रश्न त्यांना एकत्र उभें करून विचारणें म्हणजे भुकेल्याला आणि उपवास धरलेल्याला एकाच पानावर बसवून जेवणाविषयीं मत घेणें होय. सरकारनें दुसऱ्याची सोय आधीं पाहावी. पहिला आपली सोय आपण पाहून घेतो.

मुंबई आणि नागपूर यांच्यामध्यें सरळ रेषा ओढली तर ती आमच्या चिखली-मेहकराच्या आसपासून जाते. १९४९ सालीं रात्रींची विमानडाक सुरू झाली तेव्हां चार दिशांचीं टपालाचीं विमानें मध्यरात्रीं नागपूरला एकत्र येत आणि पिशव्यांची अदलाबदल करून परतत. मुंबईच्या पिशव्या तेव्हां आमच्याच बाजूच्या आभाळांतून जात असाव्यात. आजही रात्रीं गच्चीवर पडलों असतां दक्षिणेकडून एखादा लुकलुकता दिवा सरकतांना दिसतो. आंतल्या प्रवाशांना आमचा जिल्हा ओलांडावयास सहा-सात मिनिटें पुरतात, आणि तीं मिनिटें ते बहुधा झोंपेंत घालवितात. मला त्याचें वाईट वाटत नाहीं. त्यांच्यापैकीं एखाद्याचें कोणी नागपूरला उशाशीं घड्याळ ठेवून जागत बसलेलें असेल, आणि शेजारचें माणूस त्याला सांगत असेल, 'आतां बुलढाण्याजवळ आलें असेल हं.'

अकोला ते जळगांव विमानानें किती वेळ, याचें उत्तर मीं आमच्या मंडळींना वीस-पंचवीस मिनिटें असें दिलें, आणि तें बरोबर आहे. फक्त इतकेंच, कीं तो प्रश्न पुन्हां कोणी विचारला तर मी आधीं विचारीन, "तिकडे कोण आहे?"